उफित्सी, दुओमो आणि आर्नोकाठची छत्री

कोल्हापूरच्या गादीच्या इतिहासात तीन राजाराम आहेत. पहिले शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, ताराराणींचे पती, जिंजीच्या वेढ्यातले. तिसरे राजर्षी शाहूंचे चिरंजीव, १९२२ ते १९४० या काळातले. या दोघांच्या मधला एक राजाराम मात्र कायम हरवतो. गादीवर आला सोळाव्या वर्षी, गेला विसाव्या वर्षी. कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज त्याच्या नावाचं आहे. तिथं तीन-तीन वर्षं काढलेल्या माणसांना विचारून बघा, "कोणते राजाराम?" निम्मे लोक पहिल्यांचं नाव घेतात, उरलेले तिसऱ्यांचं. माझे बाबा त्याच कॉलेजचे बी.एस्सी. आहेत आणि त्यांचं उत्तर होतं, "राजाराम म्हणजे राजाराम. एवढं कोण विचारतंय?"

मधल्या राजारामांचं स्मारक कोल्हापुरात शोधत बसू नका. ते इटलीत आहे, फ्लॉरेन्समध्ये, नदीकाठी.

मी नोकरीसाठी जर्मनीत राहतो. मागच्या मे महिन्यात आई-बाबा, ताई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा असे चौघं आले होते. व्हिसाचे दिवस मोजके, त्यात फ्लॉरेन्सच्या वाट्याला एकच दिवस. आता फ्लॉरेन्स एका दिवसात बघणं म्हणजे पंढरपूर आषाढीला एका तासात बघण्यासारखं आहे. तरी आपण मराठी कुटुंब आहोत, वेळापत्रक करतोच. सव्वाआठला उफित्सी, साडेअकराला दुओमोचा घुमट, मग पोन्ते वेक्यो, मधे कुठंतरी आईच्या डब्यातल्या दशम्या, भाच्यासाठी गॅलिलिओचं बोट, आणि संध्याकाळी काशिने नावाची बाग. या शेवटच्या ओळीवर ताईनं बोट ठेवलं. "बाग? एवढ्या लांब येऊन बाग? आपल्याकडे काय बागा नाहीत?" मी म्हटलं, "तिथं आपला एक माणूस आहे." तिला वाटलं, माझा कुणी मित्र राहतो.

पण दिवसाआधी थोडं १८७० बद्दल.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा. १८६६ साली शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब महाराज, वारले आणि हा दत्तक मुलगा गादीवर बसला. त्या वेळी संस्थानं नावाला राजांची होती. हुकूम पोलिटिकल एजंटचा चाले. मुलगा हुशार, इंग्रजी चांगलं शिकलेला. अशा राजपुत्राला विलायत दाखवून आणणं हा ब्रिटिशांच्या दृष्टीनं शिक्षणाचाच भाग होता. १८७० च्या उन्हाळ्यात ते निघाले. सोबत कोल्हापूरचे असिस्टंट पोलिटिकल एजंट कॅप्टन वेस्ट. सुएझचा कालवा उघडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. समुद्र ओलांडला की जात जाते, असं मानणारी माणसं घरात, देवळात, दरबारात, सगळीकडे होती. असं असताना वीस वर्षांचा छत्रपती बोटीत पाय ठेवतो, ही काही साधी सहल नव्हती.

आणि तरीही होती ती सहलच. महाराजांनी प्रवासात इंग्रजीत रोजनिशी ठेवली होती. कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ साली लंडनला ती पुस्तकरूपानं छापली गेली. आज कुठं गेलो, काय पाहिलं, कुणाला भेटलो, हवा कशी होती, अशा साध्या सरळ नोंदी. व्हिक्टोरिया राणीची भेट तीत आहे, आणि बघण्याजोगं जे जे म्हणून असतं ते बघत फिरणंही आहे. एका गोष्टीचं भान ठेवून ती वाचावी लागते. लिहिणारा वारलेला आणि छापणारा इंग्रज अधिकारी. पोराच्या मनात काय चाललंय हे त्या पानांवर फारसं उमटत नाही. तरी दिवसामागून दिवस वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. माणूस दमतोय. रोज नवं ठिकाण, रोज नवी ओळख, रोज नीट कपडे करून उभं राहणं. आपण त्याला आज 'पॅक्ड आयटिनररी' म्हणतो.

त्यात युरोपात युद्ध पेटलेलं. जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाची जुंपली, सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. त्यामुळं परतीचा रस्ता फ्रान्स टाळून, बेल्जियम आणि जर्मन मुलखातून, आल्प्स ओलांडून इटलीत, असा झाला. नोव्हेंबरातली थंडी. वाटेत तब्येत बिघडली. फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा महाराज आजारी होते आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, आर्नो नदीजवळच्या ओन्यिसान्ती चौकातल्या एका हॉटेलात ते गेले.

हे एवढं डोक्यात असल्यामुळं असेल, पण त्या दिवशी गर्दीतून फिरताना मी सतत एक खेळ खेळत होतो. समोर जे आहे, ते १८७० च्या नोव्हेंबरात इथं होतं का?

उफित्सी होतं. सोळाव्या शतकात कोसिमो द मेदिचीनं वासारीकडून बांधून घेतलेली ही सरकारी कचेऱ्यांची इमारत. नावाचा अर्थच कचेऱ्या. म्हणजे एके काळी इथं लोक शिक्का मारून घ्यायला रांगेत उभे राहत, आता चित्रं बघायला राहतात. १७६९ पासून लोकांना खुलं असलेलं हे युरोपातल्या जुन्या सार्वजनिक संग्रहालयांपैकी एक. बॉतिचेल्लीच्या व्हीनससमोर पोचायला आम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात अंबाबाईचं मुखदर्शन झालं असतं, असं आई म्हणाली. आणि पोचल्यावर दिसले ते मोबाइल. साठ-सत्तर हात वर, प्रत्येक हातात एक छोटी व्हीनस. खरी त्यांच्या मागं, शिंपल्यात, निवांत. बाबांनी चित्राकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि खिडकीकडे गेले. खिडकीतून आर्नो दिसते. "पाणी कमी आहे," ते म्हणाले. पंचगंगेकाठच्या माणसाची नजर आधी पाण्याच्या पातळीवर जाते, त्याला इलाज नाही.

सिन्योरिया चौकात डेव्हिड उभा आहे, पण तो नक्कल. मायकेलअँजेलोचा अस्सल डेव्हिड १८७३ साली तिथून हलवला, तो आता अकादेमिया संग्रहालयात आहे. म्हणजे १८७० मध्ये अस्सल डेव्हिड उघड्यावर, पावसात, रस्त्यावरच्या कुणालाही फुकट दिसत होता. आज त्याच्यासाठी महिनाभर आधी बुकिंग करतात. आमचं राहिलं होतं म्हणून नकलेपुढंच फोटो काढले. भाच्याला तो डेव्हिड कपडे का घालत नाही, यात जास्त रस होता आणि आजी त्याला काय उत्तर देते, यात आम्हा सगळ्यांना.

खरी गंमत दुओमोची. तुम्ही फ्लॉरेन्सचा कुठलाही फोटो आठवा: पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराची ती नाजूक नक्षीची दर्शनी भिंत. सगळे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, "बघा, मध्ययुगीन फ्लॉरेन्स." ती भिंत १८८७ साली पूर्ण झाली! मूळची अर्धवट बांधलेली दर्शनी बाजू १५८७ साली उतरवली आणि पुढं जवळजवळ तीनशे वर्षं जगातल्या सर्वांत सुंदर चर्चांपैकी एकाचं तोंड उघडं, ओबडधोबड होतं. एमिलिओ दे फाब्रिस यांच्या आराखड्यानुसार १८७६ मध्ये काम सुरू झालं. म्हणजे आमच्या बाबांच्या राजाराम कॉलेजची आणि त्या भिंतीची पिढी एकच आहे. कॉलेज १८८० चं.

घुमट मात्र खरा जुना. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी आधाराचा साचा न लावता, विटा अशा तिरक्या रचत नेल्या की त्या एकमेकींना धरून राहिल्या. एवढा मोठा विटांचा घुमट तेव्हा कुणी बांधला नव्हता. वर जायला ४६३ पायऱ्या, दोन भिंतींच्या मधल्या अरुंद बोळातून. भाचा मोजत चढला, त्याच्या हिशेबानं ४७१ झाल्या. आई-बाबा खाली सावलीत थांबले. वरून पाहिल्यावर तांबड्या कौलांचं शहर, पलीकडे टेकड्या आणि पश्चिमेला नदीच्या काठानं निमुळता होत गेलेला हिरवा पट्टा. ती काशिने. मी ताईला बोटानं दाखवलं. ती म्हणाली, "तेवढं लांब चालायचं?"

वरून आणखी एक दिसतं, शहराभोवतीचे रुंद रस्ते. तेसुद्धा १८७० ला नवेच होत होते. आपल्याला इटलीची राजधानी म्हणजे रोम माहीत असतं, पण १८६५ ते १८७१ या काळात राजधानी फ्लॉरेन्स होती. राजा, दरबार, मंत्री, कारकून, परदेशी वकील असे सगळे एकदम या मध्यम शहरात येऊन पडले. जागा पुरेना, भाडी वाढली. वास्तुविशारद ज्युसेप्पे पोज्जी यांनी शहराची जुनी तटबंदी पाडून तिच्या जागी रस्ते काढले. थोडक्यात, राजाराम महाराज ज्या फ्लॉरेन्समध्ये आले, ते चित्रातलं शांत शहर नव्हतं. ती धूळ, गाड्या आणि खोदकामांची गजबजलेली राजधानी होती. आणि तिलाही आपली मुदत संपत आल्याचं कळलेलं होतं, कारण दहाच आठवडे आधी, २० सप्टेंबरला, इटलीच्या सैन्यानं पोपकडून रोम घेतलं होतं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ज्या हॉटेलात महाराज आजारी होते, तिथून डेव्हिड आणि दुओमो पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहेत. सबंध उन्हाळा युरोप बघत फिरलेला पोरगा आणि हे अंतर.

दुपारचं थोडक्यात सांगतो. दशम्या एका चौकातल्या दगडी बाकावर खाल्ल्या. शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला तसा एक कबुतरांचा थवा आणि एक कोरियन जोडपं जवळ सरकलं. गॅलिलिओचं बोट पाहिलं. काचेच्या भांड्यात ठेवलेलं, उजव्या हाताचं मधलं बोट. भाच्याच्या मते सबंध युरोपात बघण्यासारखी एवढीच एक गोष्ट आहे. पोन्ते वेक्यो, म्हणजे 'जुना पूल', १३४५ चा. वर दोन्ही बाजूंना दुकानं. आधी खाटीक होते, वास सहन होईना म्हणून १५९३ मध्ये ग्रँड ड्यूकनं त्यांना काढलं आणि सोनारांना बसवलं. तेव्हापासून सोनंच. आईनं एकूण एक काच नीट बघितली आणि निकाल दिला, "ही गुजरीच की. फक्त खाली नदी." १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एवढा ठेवला.

बाबा मात्र रमले ते एका साध्या भिंतीपाशी. सांता क्रोचेच्या बाजूला घरांच्या भिंतींवर छोट्या पाट्या आहेत: ४ नोव्हेंबर १९६६, इथपर्यंत पाणी आलं होतं. पाटी डोक्याच्या बऱ्याच वर होती. त्या पुरात आर्नोचं पाणी या भागात काही ठिकाणी चार मीटरच्या वर चढलं, ग्रंथालयं आणि चर्चं चिखलानं भरली आणि देशोदेशीची तरुण पोरं येऊन हातानं पुस्तकं, चित्रं बाहेर काढत बसली. त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणतात. बाबा पाटीखाली उभे राहिले, हात वर केला, पोचला नाही. "आपल्याकडे २०१९ ला एवढं नव्हतं," ते म्हणाले आणि पुन्हा हात वर करून पाहिला. सबंध दिवसात मी त्यांना दुसऱ्या कुठल्याही वास्तूपुढं इतका वेळ उभं राहिलेलं पाहिलं नाही. स्टेंडाल या फ्रेंच लेखकाला १८१७ मध्ये याच सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना सौंदर्याच्या माऱ्यानं भोवळ आल्यासारखं झालं होतं म्हणतात; त्या अवस्थेला आता त्याचंच नाव आहे. आमच्या घरात कुणाला तसं झालं नाही. पाय सगळ्यांचे दुखत होते.

पाच वाजता ट्रामनं काशिनेला गेलो. कधी काळी ही मेदिची घराण्याची गाईगुरांची कुरणं. पुढं राजेशाही बाग, मग सगळ्यांची. नदीला धरून साडेतीन किलोमीटर लांब, अरुंद. ट्राम तिच्या शहराकडच्या टोकाला सोडते आणि आपल्याला जायचं असतं अगदी दुसऱ्या टोकाला. गर्दी एका क्षणात मागं पडली. सायकलवाले, कुत्री, झाडाखाली पत्ते खेळणारी म्हातारी माणसं. पर्यटक म्हणाल तर आम्हीच. सकाळपासून कानात घुमणारा आवाज थांबल्यावर आई पहिल्यांदा म्हणाली, "आता बरं वाटतंय."

चालता चालता ताईला सांगत होतो. परदेशात मेलेल्या हिंदू माणसाचं काय करायचं, हा प्रश्न तोवर सुटलेला नव्हता. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलला वारले, त्यांना पुरलं. द्वारकानाथ टागोर १८४६ साली लंडनला वारले, त्यांनाही पुरलं. युरोपात मृतदेह जाळण्याची रीतच नव्हती. कायद्यानं, धर्मानं, सवयीनं, कशानंच नव्हती. आधुनिक काळातलं इटलीतलं पहिलं शवदाहगृहातलं दहन मिलानला झालं ते जानेवारी १८७६ मध्ये. इंग्लंडला त्याहून उशीर, वोकिंगला १८८५ मध्ये. कॅथलिक चर्चनं तर १८८६ मध्ये दहनावर बंदीच घातली, ती १९६३ पर्यंत टिकली.

तुस्कनीच्या या प्रांतात त्याआधीचं एक प्रसिद्ध दहन आहे, कवी शेलीचं. १८२२ मध्ये बोट उलटून तो बुडाला आणि व्हियारेज्जोजवळच्या किनाऱ्यावर त्याला जाळलं. पण ते काही धर्माचं नव्हतं. समुद्रातून वाहून आलेल्या मृतदेहांबद्दलचे साथरोगाचे नियम होते म्हणून. योगायोग असा की त्याची 'ओड टू द वेस्ट विंड' ही कविता सुचली ती १८१९ मध्ये, फ्लॉरेन्सजवळ आर्नोकाठच्या रानात. म्हणजे आम्ही चालत होतो त्या काशिनेच्या झाडीत.

तर ३० नोव्हेंबर १८७० ला ओन्यिसान्ती चौकातल्या हॉटेलात कोल्हापूरची माणसं छत्रपतींच्या मृतदेहाजवळ बसलेली, आणि बाहेर एक शहर, ज्यानं चिता कधी पाहिलेली नाही. त्यांनी दहनाची मागणी धरून ठेवली. पुरायचं नाही. इथं मला कॅप्टन वेस्टपेक्षा ती बिननावाची माणसं जास्त मोठी वाटतात. भाषा येत नाही, राजा गेलेला, थंडी, परका मुलूख, आणि घरी जाऊन तोंड दाखवायचं आहे. समुद्र ओलांडला म्हणून आधीच बोलणी बसणार, त्यात छत्रपतींना मातीत ठेवून आलो हे कुठल्या तोंडानं सांगायचं? नदी हवी, आणि शक्य तर संगम हवा, असं ते धरून बसले असतील तर त्यात नवल काय?

परवानगी मिळाली. शहराबाहेर, बागेच्या पार टोकाला, जिथं मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथं. रात्रीच्या अंधारात चिता रचली आणि पेटवली.

परवानगी इतक्या लवकर कशी मिळाली, याचा माझा अंदाज मघाच्या तारखेत आहे. दहा आठवड्यांपूर्वी ज्या सरकारनं पोपकडून रोम हिसकावलं, ते चर्च काय म्हणेल याची फार फिकीर करणारं सरकार नव्हतं. शिवाय इटलीतले डॉक्टर आणि सुधारक त्या वर्षांत दहनाच्या बाजूनं लिहीत-बोलत होते. आरोग्याच्या दृष्टीनं तेच बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात मेलेला माणूस ब्रिटिश राणीला भेटून आलेला राजा. एखादा साधा खलाशी किंवा आया तिथं वारली असती तर मध्यरात्री कुणी दार उघडलं असतं, असं मला वाटत नाही. पण ते दार एका रात्रीपुरतं का होईना उघडलं, हेही खरं.

तासभर रमतगमत चालल्यावर झाडी संपते आणि समोर ती छत्री दिसते.

छत्री म्हणजे अक्षरशः छत्री. खांब, वर घुमटी, कठडा, आणि आत चौथऱ्यावर एका कोवळ्या मुलाचा अर्धपुतळा. डोक्याला पगडी, गळ्यात दागिने, आणि पुतळा पांढरा नाही, रंगीत आहे. सबंध दिवस पांढरे संगमरवरी देव बघून आलेल्या डोळ्यांना तो रंग आधी खटकतो आणि मग घरचा वाटतो. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहे. इंग्लंडहून परतताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी वारले, असा त्यातला मजकूर. पुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणारा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर याचा. छत्री मेजर चार्ल्स मँटची, १८७४ ची. हा मँट म्हणजे ज्यानं पुढं कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास यांचे आराखडे केले तो. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी छत्रीभोवती एक चक्कर मारली, कंत्राटदार मारतो तशी, आणि म्हणाले, "पंचगंगेच्या घाटावर आहेत तशीच की." तिथं कोल्हापूरच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. मग थोड्या वेळानं, "आणि मी म्हणत होतो, राजाराम म्हणजे राजाराम."

आई छत्रीपाशी थांबली नाही. ती सरळ टोकाला गेली, जिथं दोन पाणी मिळतात. मुन्योने म्हणजे खरं तर ओढाच. "प्रयागच आहे की हे," ती म्हणाली. कोल्हापूरपासून जवळ, प्रयाग चिखलीला, नद्या मिळून पंचगंगा होते. माझ्या आजोबांचं तिथंच केलं होतं.

फ्लॉरेन्सच्या लोकांना हा राजा कोण, कुठला, हे फारसं ठाऊक नसतं. पण नाव रोज तोंडी असतं. या जागेला ते नुसतं 'इंदियानो' म्हणतात, भारतीय माणूस. छोटा चौक इंदियानोचा, शेजारची जुनी इमारत इंदियानोची. आणि छत्रीच्या जवळूनच आर्नोवर एक मोठा तारांचा पूल गेलाय, १९७८ साली खुला झालेला, त्याचं नावही इंदियानोचा पूल. रहदारीच्या बातम्यांत 'इंदियानोवर कोंडी' असं रोज येत असणार. कोल्हापुरात ज्याचं नाव आहे पण माणूस हरवलाय, त्याचं इथं नाव हरवलंय आणि माणूस राहिलाय.

महाराज गेल्यावर कोल्हापूरची गादी पुन्हा दत्तकाकडे गेली. १८७१ मध्ये एक लहान मुलगा, चौथे शिवाजी महाराज म्हणून. त्यांचं आयुष्य याहून करुण. वेडे ठरवून ब्रिटिशांनी त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि २५ डिसेंबर १८८३ ला, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाल्यानंतर, विशीत तेही गेले. मग १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून तिसरा दत्तक आला, दहा वर्षांचा यशवंतराव. तेच राजर्षी शाहू. तेही पुढं १९०२ मध्ये विलायतेला गेले, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी. आणि त्यांचा मुक्काम तिकडे असतानाच, २६ जुलैला, मागासवर्गीयांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा तो आदेश करवीर गॅझेटमध्ये निघाला. फ्लॉरेन्समधला ताप त्या नोव्हेंबरात उतरला असता तर कोल्हापूरचा इतिहास वेगळा झाला असता, एवढं तर नक्की. बरा झाला असता की वाईट, ते मी नाही सांगत. 'जर-तर'मध्ये शिरलं की इतिहासाची कादंबरी व्हायला वेळ लागत नाही.

हे सगळं मी कठड्याला टेकून ताईला सांगत होतो. भाचा पुतळ्याकडे बघत होता. त्यानं मधेच विचारलं, "मामा, पण त्याच्या घरी कुणी सांगितलं? फोन नव्हते ना?"

फोन नव्हते, पण तार होती. १८७० च्या जून महिन्यातच इंग्लंडहून समुद्राखालची तार मुंबईपर्यंत जोडली गेली होती. त्याआधी पत्राला आठवडे लागत. आता बातमी काही तासांत समुद्र ओलांडू शकत होती. माणसांना मात्र अजून बोटीनंच यावं लागायचं. म्हणजे ज्यांनी त्या रात्री इथं लाकडं रचली, ते मुंबईच्या धक्क्यावर उतरून घाट चढून कोल्हापुरात पोचेपर्यंत गावाला सगळं कळून गेलेलं असणार.

"मग त्यांना घरी गेल्यावर काय विचारलं असेल?" भाचा म्हणाला.

आई तोवर परत आली होती. तिचे हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले. "जेवला होता का," ती म्हणाली. "आधी तेच विचारतात."